टाकीतले कण, सुपातली कणी

मंगळवार, २० मार्च २००१

टाकी आली. लाल. दोघांनी धरून आत आणली आणि कोपऱ्यात टेकवली तेव्हा भांडी हलली मांडणीवरची. सुमनने, माझ्या सुनेने, हळदकुंकू लावलं तिला. म्हटलं, लाव गो लाव, चुलीची सवत आली, मान द्यायलाच हवा.

टाकीवाला म्हणाला, हलवून बघा आजी, भरलेली हाय. तिरकी करून कान लावला. आत डुबुक डुबुक. "काय रे, गॅस सांगून पानी विकतोस?" सगळे हसले. मनी आमची आठवीतली, नातवंडांत थोरली, लगेच शिकवायला लागली. "आजे, तो वायूच हाय. दाबून दाबून पातळ केलाय." वायू दाबला की पातळ होतो हे नवीनच. माझा तर दाबला की गुडघ्यात जातो.

मग त्याने बटण दाखवलं, टाकीच्या डोक्यावरचं. वास आला की आधी हे बंद. मग दारं उघडी. काडी ओढायची नाही. दिव्याचा खटका दाबायचा नाही. "वास कसा?" सुमनने विचारलं. "सडक्या कांद्यासारखा. नाकाला झोंबतोच. कळलं ना आजी? दिवसभर घरात तुमीच."

कळलं, म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

(मनीचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. सवय व्हावी म्हणून रोज लिहायचं ठरलंय, पण तिला सुचत नाही आणि मला गप्प बसवत नाही. म्हणून मी बोलते, ती लिहिते. मी "नाय" म्हणते, ती "नाही" लिहिते. म्हणते मार्क जातात. मला कोण मार्क देणार? पण लिहू दे.)

गुरुवार, २२ मार्च

सुमनने चहा केला गॅसवर. चूल फुंकायची नाही, डोळे पुसायचे नाहीत. दोनदा केला, उगाच. खोकलीही नाही. मुरबाडचा डॉक्टर तिला बोलला होता, एक तर चूल सोडा नाहीतर मला सोडा. पावसाळ्यात ती खोकायची तेव्हा पडवीतली कुत्री उठून बसायची.

काशिनाथ, माझा लेक, वाशिंदला कंपनीत आहे. तिथेच खोलीत चौघे राहतात, शनिवारी घरी येतो. टाकीसाठी वर्षभर खेटे घातले त्याने. सुमन सकाळी भेंडी तोडायला जाते, मनी शाळेत. मग घरात मी, मनीचा तीन वर्षांचा भाऊ बाळ्या, आणि आता ही बया.

मी चूल पेटवली दुपारी. सुमनने आल्यावर राख बघितली. नुसती बघितली.

शुक्रवार, २३ मार्च

मनीची परीक्षा जवळ आली. मी तांदूळ पाखडत होते, ती शेजारी बसून घोकत होती. "सर्व पदार्थ कणांचे बनलेले असतात."

म्हटलं, सगळे?

"सगळे. दगड, पानी, हवा, तू."

मी कणीची? मी सुपातून मूठभर कणी तिच्यासमोर धरली. अख्खा तांदूळ विकायला, तुटका घरात पेज करायला. जन्मभर कणीच खाल्ली, तर कणीचीच होणार. यात शाळेने नवीन काय सांगितलं?

"कणी नाय गो आजे, कण! डोळ्यांना दिसत नाय असे."

दिसत नाही तर मोजले कोणी? तिने पुस्तक मिटलं. परत उघडलं. पोर चिकाटीची.

तर तिचं म्हणणं असं. तीन जाती. स्थायू, द्रव, वायू. स्थायूत कण गच्च बसलेले, जागा सोडत नाहीत, जागच्या जागी थरथरतात. द्रवात सैल, एकमेकांना धरून सरकतात, भांडं मिळेल तसे बसतात. वायूत कोणी कोणाचं नाही. उधळले की घरभर.

काशिनाथ द्रव, मी म्हटलं. वाशिंदला ओतला तर वाशिंदसारखा झाला. गेल्या शनिवारी घरात येऊन "टाइम नाय" म्हणाला मला. बाळ्या वायू. मी स्थायू. जागा सोडत नाही.

"पण थरथरतेस," मनी म्हणाली. "तुझा पाय बघ."

पाय हलत होता खरा. मी दाबून धरला.

शनिवार, २४ मार्च

काशिनाथ आला. गॅसवर भाकरी फुगली ती बघून खूश. "आये, वास मारत नाय ना कुठं? नळी नीट बसलीय ना?"

म्हटलं, कसला वास? काय नाय.

खोटं नव्हतं ते. मला कुठलाच

(इथे मी थांबले. मनी म्हणाली, पुढे? म्हटलं, पुढे काही नाही, झोप.)

रविवार, २५ मार्च

आज पकडली गेले. सांगते.

काशिनाथ अकराच्या गाडीने गेला. सुमन ओढ्यावर. मनीने प्रयोग मांडला, पुस्तकातला. मला आणि बाळ्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. ती दाराशी अगरबत्ती लावणार, वास पोचला की हात वर. वायूचे कण चालत चालत नाकापर्यंत येतात, त्याला किती वेळ लागतो ते बघायचं.

काडी ओढल्याचा आवाज आला. मी थांबले. घाई केली तर कळेल. मग बाळ्या हलला तेव्हा मीही हात वर केला. "आला! मोगरा."

"परत," मनी म्हणाली.

परत काडीचा आवाज. परत थांबले. हात वर. "आला गो, मोगराच. चांगली हाय अगरबत्ती, कुठून आणलीस?"

मी वळले. तिच्या हातात विझलेली काडी. अगरबत्ती पुड्यातच. आणि माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर, कागदावर सुकट पसरलेली. कालच धसईच्या बाजारातून आणलेली, घर भरून टाकेल अशी. बाळ्या नाक धरून हसत होता. त्यासाठीच हलला होता मघाशी.

"आजे," मनी म्हणाली, "तुला वास येत नाय."

नको लिहू म्हटलं हे. ती म्हणते, आता अर्धं लिहिलंय, खाडाखोड केली तर अक्षर बिघडेल. लिही मग.

थंडीत ताप आला होता तेव्हापासून. ताप उतरला, नाक गेलं. आधी वाटलं सर्दी आहे. मग भात पेंढ्यासारखा लागायला लागला. झिनी, तो वासाचा तांदूळ, शिजली की मला तिसऱ्या घरातून कळायचं, आणि आता ताटात असून कळत नाही. कण येत असतील नाकापर्यंत, मनीचं पुस्तक खोटं कशाला बोलेल. दारात येऊन उभे राहत असतील. आत कोणी नाही.

"बाबाला सांगूया."

मग काय होईल? मला ठाऊक आहे. काशिनाथ म्हणेल, वास न येणारी म्हातारी, तिच्या भरवशावर टाकी आणि पोर ठेवायचं? टाकी जाईल वाशिंदला, त्या चौघांच्या खोलीत. सुमन परत चुलीपुढे. नाहीतर टाकी राहील आणि मला पडवीत बसवतील, चहासुद्धा मागून प्यायला. दोन्ही नको.

मनीला गावदेवीची शपथ घातली. तिने घेतली, पण अट घालून. रोज शाळेत जाताना ती टाकीचं बटण बंद करून जाणार, मी हात लावायचा नाही. चूल पेटवायची असेल तर पेटवावी.

आठवीतल्या पोरीने मला अट घातली. घालू दे.

सोमवार, २६ मार्च. पाडवा

गुढी उभी केली. कडुनिंब कडू लागला. जिभेला अजून एवढं कळतं, कडू, गोड, खारट. बाकी सगळं एकच.

सुमनने गोडाचं केलं. वाढताना म्हणाली, कसं झालंय आये? म्हटलं, वास तर अंगणात आला होता. ती वाटी हातात धरून उभी राहिली. "जुनं तूप फेकायचं राहिलं होतं," म्हणाली, "तेच घातलं वाटतं चुकून."

तिने स्वतः चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. बाळ्यानेही थुंकलं. मी दोन वाट्या खाल्ल्या होत्या.

गुरुवार, २९ मार्च

बसवत नाही. उठते, टाकीकडे बघते, परत बसते. सुपात कणी पाखडते ती दोनदा पाखडलेलीच.

बटण बंद आहे. मनीने केलंय. तरी बघते. आता ती बया स्वस्थ उभी आहे आणि मीच घरभर फिरते. मनीला विचारलं, आतले कण काय करतात गो? "भिंतीला आपटत असतात. एकसारखे. बाहेर पडायला." रात्री झोपतात का? "नाय."

मग मी एकटी नाही जागी.

रविवार, १ एप्रिल

काशिनाथ आला आणि गेला. तो जाताना मनीने मला परसात गाठलं. "आता सांगू का?" नाही. "मग तू सांग." पुढच्या खेपेला. ती म्हणाली, तू म्हणतेस ना, बाबा द्रव. तूच सरकतेस आजे, भांडं बदलून बदलून.

फटका मारायला हात उचलला. हसू आलं. मारला नाही.

बुधवार, ४ एप्रिल

आज मी सांगते ते सगळं लिही, मने. रडू नको. शाई पसरते.

मनीचा पहिला पेपर होता. घाईत गेली, पेपरानंतर मैत्रिणीकडे अभ्यासाला थांबली. बटण बंद करायचं राहिलं.

दिवसभर काही नाही. बाळ्या चुलीपाशी खेळला, शेगडीपाशी खेळला. शेगडीचा कान, ज्योत लहानमोठी करायचा तो, त्याने कधी पिळला कोण जाणे. मी समोरच होते, सूप घेऊन. मग तो पेंगला, तिथेच जमिनीवर झोपला. मी गोधडी टाकली त्याच्यावर. दार लोटलेलं, ऊन येतं म्हणून.

दिवेलागण झाली. मी देवापुढे गेले, वात पुढे ओढली. काडी हातात. काड्यापेटीवर टेकवलेली.

दारातून सुमन ओरडली. शब्द कळले नाहीत. अशी ओरडताना मी तिला कधी ऐकली नव्हती. टोपली फेकून आत आली, बटण पिळलं, बाळ्याला उचललं गोधडीसकट, बाहेर नेलं, परत आली, दोन्ही दारं ढकलली. मला दंडाला धरून अंगणात ओढलं. काडी अजून माझ्या हातातच.

बाळ्या उठला, रडला. ठीक आहे. रडला म्हणून ठीक आहे.

"आये, वास नाय आला?"

आणि मी काय म्हणाले? "आला. मला वाटलं सुकट हाय."

सुमनने माझ्या हातातली काडी काढून घेतली. धुळीत टाकली.

मनी म्हणते हा वायू हवेपेक्षा जड. वर जात नाही, खाली साठतो. जमिनीवर. जिथे बाळ्या झोपला होता.

गुरुवार, ५ एप्रिल

सुमन भेंडीवर गेली. जाण्याआधी टाकीच्या डोक्यावरचं ते बटण आख्खं काढलं, नळीसकट. धुतल्या भांड्यासारखं पुसलं, फडक्यात बांधलं, आणि कमरेला खोचून घेऊन गेली. टाकी मुंडक्याशिवाय उभी.

मनीला म्हणाली बाळ्याने कान पिळला, पोर आहे. बाळ्याला सोबत नेलं. भेंडीच्या रानात, उन्हात.

घर रिकामं. पहिल्यांदा.

शुक्रवार, ६ एप्रिल

संध्याकाळी परत चूल. सुमन खोकते. फुंकणी खाली ठेवते, खोकते, परत घेते. बटण तिच्या कमरेलाच, पदरातून उठून दिसतं. मी म्हटलं, आता तू घरात आहेस, लाव की गॅस. म्हणाली, सवय मोडली आये.

एका पंधरवड्यात चुलीची सवय मोडत नाही, गॅसची दोन दिवसांत मोडेल?

शनिवार, ७ एप्रिल

काशिनाथला शेजारच्यांनी सांगितलं. वाटेतच. घरात आला तो चपला न काढता टाकीपाशी. "कान सैल हाय का? नळी खराब हाय का?" सुमन म्हणाली, हो, कान सैल हाय. बाळ्या मस्ती करतो.

कान सैल नाही. तिला ठाऊक आहे. मी बघत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मग पुढल्या रविवारी टाकी नेतो मी वाशिंदला. टेम्पो बघतो. पोराच्या जिवापेक्षा मोठी नाय."

सुमन म्हणाली, बरं. आणि चुलीत लाकूड सारलं.

मंगळवार, १० एप्रिल

राब भाजायला गेलो. म्हणजे सुमन आणि वाडीतल्या बाया. पावसाआधी रोपाची जागा पाला, फांद्या, शेण पसरून जाळायची, हे माझं काम होतं. या वर्षी मला बांधावर बसवलं, बाळ्याला मांडीवर देऊन. त्याला माझ्याकडे दिलं ते मी मनात धरून ठेवलं.

धूर उठला. वर जाऊन सिद्धगडाच्या डोंगराकडे वाकला. आधी मी डोळे मिटून सांगायची कुणाचा राब, कोणाच्या पाल्यात ऐनाच्या फांद्या, कोणाच्या पाल्यात नुसतं गवत. आज डोळे उघडे ठेवून बसले. बाळ्या शिंकला, मी त्याचं नाक पुसलं.

सुमन धुरातून बाहेर आली. डोळे लाल, खोकत. माझ्याजवळ बसली. पाणी दिलं मी. मग म्हणाली,

"दिवाळीनंतर तुमी माझ्या डाळीला नाव ठेवायचं बंद केलं."

काय?

"पंधरा वर्षं झाली लग्नाला. रोज ताटावर बसलं की, डाळ करपली, हिंग जास्त, तेल जुनं. दिवाळीनंतर एक शब्द नाय. आधी मला वाटलं, चला, हात सुधारला. मग वाटलं रागावलात. मग पौषात दूध जळलं, पातेलं काळं झालं, आणि तुमी शेजारी बसून लसूण सोलत होता."

मी बाळ्याकडे बघितलं.

"मग टाकी कशाला आणू दिलीस?"

"मला हवी होती," ती म्हणाली. "मी पण गप्प बसले आये. रोज दुपारी भेंडी तोडताना जीव वर. वाटायचं धूर दिसेल घराकडून. मनी रोज बटण बंद करते ते ठाऊक झालं म्हणून जात होते."

म्हणजे तिघींना ठाऊक होतं. तिघी तोंड शिवून एकाच घरात, एकमेकींना न लागता फिरत होतो. तिचा खोकला, माझं स्वयंपाकघर, आणि मधे बाळ्या झोपलेला.

"काशिनाथला सांगायचं?" मी.

"तुमी सांगा. मी नाय सांगणार. मी सांगितलं तर चहाडी होते."

"डाळ तुझी करपतेच गो," म्हटलं. "नाक नसलं तरी दिसतं मला."

ती हसली, मग खोकली, बराच वेळ.

गुरुवार, १२ एप्रिल

मनीचा शास्त्राचा पेपर झाला. वास कसा पसरतो ते आलं होतं. "काय लिहिलंस?" "कण हलतात, एकमेकांत मिसळतात, मोकळ्या जागेत पसरतात." बरोबर? "बरोबर." माझं काही लिहिलंस? "तुझं पुस्तकात नाय."

सकाळपासून तयारी करते आहे. काशिनाथला कसं सांगायचं. म्हटलं आधी चहा द्यावा. मग म्हटलं चहा कशावर करणार. म्हटलं बाळ्याला मांडीवर घेऊन सांगावं. मग म्हटलं नको, पोराआड लपल्यासारखं होतं. कपाळाला तेल लावलं. परसात जाऊन आले. तीनदा झाडलं अंगण, मनी म्हणते, धूळ उडवतेस नुसती, परत तिथेच बसते.

शनिवार, १४ एप्रिल

आला. टेम्पोवाल्याला सांगून आलाय, उद्या दुपारी.

चपला काढायच्या आत सांगितलं. उंबऱ्यावर तो, आत मी. म्हटलं, काशिनाथ, कान सैल नाय. माझं नाक गेलंय. थंडीतल्या तापापास्नं. सडका कांदा असू दे नाहीतर मोगरा, मला काय पत्ता नाय. काडी मी ओढणार होते.

त्याने एक पाय चपलेत, एक बाहेर, असं ऐकलं. सुमन मागे उभी. मनीने बाळ्याला धरलेलं.

"आणि टाकी न्यायची नाय," म्हटलं. "सुमनचा जीव जातो चुलीपुढं. माझा पाय बांध पाहिजे तर."

त्याने दुसरी चप्पल काढली. आत येऊन टाकीसमोर बसला, तिच्या रिकाम्या डोक्याकडे बघत. मग हात पाय धुवायला गेला ते बराच वेळ आला नाही.

जेवताना विचारलं, "आये, डाळ कशी लागतेय?"

"खारट."

"तेवढं कळतं?"

"तेवढं कळतं."

ताटात बघत बसला.

रविवार, १५ एप्रिल

सकाळ. टेम्पो दुपारी. काशिनाथने जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. शेगडीचा ओटा हाताने मोजतोय, मग परसाकडे बघतोय, मग खिडकीच्या गजांना हलवून बघतोय. भिंतीला खाली एक भोक पाडलं तर वायू बाहेर निघेल, असं पुटपुटला सुमनपाशी. तिने मान हलवली, हो की नाही ते इथून दिसलं नाही. आता दोघं बाळ्याला घेऊन वाण्याच्या फोनवर गेलेत. टेम्पोवाल्याला ये सांगायला की नको सांगायला, विचारलं नाही मी.

जाताना सुमन थांबली. कमरेचं फडकं सोडलं. बटण, नळीसकट, माझ्या ओटीत ठेवलं. "ठेवा तुमच्याजवळ, आये. वजन होतं चालताना."

लावायला दिलं की सांभाळायला, तेही नाही सांगितलं.

जड आहे. माझ्या मुठीत मावत नाही. टाकी समोर, मुंडकं माझ्याकडे. मी दाराशी बसलेय, दोन्ही दारं उघडी. मनी शेजारी लिहितेय.

मने, हुंग गो याला.

"शी. कांदा."

सडका?

"सडका."

मी नाकाशी धरलं. काही नाही. परत धरलं. डोळे मिटून, राबाच्या धुरापुढे बसायची तशी. लोखंड? की लोखंड हातात आहे म्हणून वाटलं?

मने, हात वर करू का?

ती म्हणते, खरं सांग. म्हणते, बाबा वळणावर दिसतोय.

थांब. परत हुंगते.